अकराचं कुलूप

सोमवार, ३

आजपासून डायरी मराठीत. शनिवारपासून टूर मराठीत द्यायची आहे आणि माझं मराठी म्हणजे घरातल्यापुरतं. शाळेतले निबंध सगळे इंग्रजीत लिहिले, मराठीत मी फक्त भांडलेय. तेव्हा रोज एक पान सराव. चुकलं तर बघायला कोण येणार आहे?

टूरचं नाव 'त्या पहिल्या'. अडीच तास, पायी. आपल्या शहरातल्या अशा बायका, ज्या आधी गेल्या म्हणून बाकीच्यांना जाता आलं. पहिल्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना (आता तिथे बँक आहे), मुलींच्या पहिल्या शाळेचं दार, छापखाना चालवणाऱ्या बाईंची गल्ली, पहिल्या बस ड्रायव्हर बाईंचा डेपो. पाचवं ठिकाण सापडत नाहीये, आणि चार म्हणजे मला अर्धवट वाटतं.

मावशीला दुकानात सगळा प्लॅन वाचून दाखवला. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. कॉलेज संपल्यापासून मी तिच्याकडेच राहते. जुन्या बाजाराच्या हॉलमध्ये तिचं बटणांचं दुकान आहे, फक्त बटणांचं. हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील एवढंच, पण छतापर्यंत खोके, आणि प्रत्येक खोक्यावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. अडीच तास बायकांना फिरवणार. मध्ये कुणाला जायचं झालं तर?"

"कुठे जायचं?"

"घ्या! आणि मॅडम टूर काढतायत."

आईला फोनवर सांगितलं तर ती पण हसली. म्हणाली, "ताईला दाखवलंस ना, मग झालं. ती स्वतः कशात पडत नाही, पण सांगते बरोबर."

बुधवार, ५

सापडलं!! मी रोज ज्या स्टुलावर बसून नोट्स काढते, तेच पाचवं ठिकाण निघालं.

बाजार कमिटीच्या ऑफिसात जुनी रजिस्टरं बघायला मिळाली. तिथला सेक्रेटरी तरुण आहे, दिसेल त्या बाईला 'ताई' म्हणतो, मलाही, जरी मी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असेन. रजिस्टरमध्ये साठ गाळे. गाळ्यावर बसणाऱ्या बायका बऱ्याच, पण परवाना नवऱ्याचा नाहीतर वडलांचा. आणि मग बत्तीस वर्षांपूर्वीच्या पानावर एकदम: गाळा एकेचाळीस, बटणं, आणि पुढे मावशीचं स्वतःचं नाव! अख्ख्या बाजारात स्वतःच्या नावावर परवाना असलेली पहिली बाई. तो परवाना काउंटरमागे फ्रेम करून लावलाय. मी रोज बघते. मला वाटायचं, तसला सगळ्यांकडेच असतो.

सेक्रेटरी म्हणाला, "टूरमध्ये बाजार घ्याच, ताई. पुढच्या महिन्यात आम्हीपण मॉडर्न होतोय. मागच्या कोपऱ्यात लेडीज टॉयलेट आहे ना, तिथे पार्सल काउंटर येतोय." मी म्हटलं, वा. त्यानं रजिस्टरच्या पानाची झेरॉक्सपण काढून दिली. चांगला आहे.

मावशीला सांगितलं तर तिचा चेहरा असा झाला, जसं काही मी कुणाचं तरी पत्र फोडून वाचलंय.

"ते नको घालूस."

"अगं, तू पायोनियर आहेस!"

"मी बटणं विकते."

"पण पहिली!"

"पहिली म्हणजे काय? माझ्या आधी कुणी अर्ज केला नाही, एवढंच." मग थोड्या वेळानं, शर्टाची बटणं पाकिटात भरता भरता, "लेडीजच्या जागी काय येतंय म्हणालीस?"

विषय बदलण्यात ती पटाईत आहे.

शनिवार, ८

पहिली टूर झाली. सात जण आले. त्यातली एक आईची मैत्रीण, म्हणजे खरे सहाच.

डॉक्टरीणबाईंच्या बँकेसमोर मी छान बोलले. शाळेच्या दाराशी बरी बोलले. छापखान्याच्या गल्लीत माझ्या लक्षात आलं की कुणी ऐकतच नाहीये. एक रिटायर्ड हेडमास्तरीणबाई आल्यात, सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. मी विचारलं, "काही शंका आहे का?" त्या म्हणाल्या, "शंका नाही, बाळ. लघुशंका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवळ काहीच नव्हतं. एका हॉटेलात विचारलं तर म्हणाले, फक्त गिऱ्हाइकांसाठी. शेवटी सगळी वरात बाजारात. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, वजनकाट्यांच्या दुकानामागे, लेडीज टॉयलेट. मी वर्षभर बाजारात बसते, पण तिकडे कधी गेले नव्हते, कारण मावशी जात नाही. ती दुपारी एकला दुकान बंद करून जेवायला घरी जाते, तेव्हाच काय ते. मीपण तिच्याबरोबरच.

दारात खुर्चीवर एक अगदी बुटक्या आजी बसलेल्या, गळ्यात दोरीला अडकवलेली एकच किल्ली. सगळे किल्लीआजी म्हणतात. आत इतकं स्वच्छ की हेडबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आमच्या शाळेत असं असतं तर मी रिटायर झालेच नसते." फक्त आरसा विचित्र. इतका खाली लावलाय की मला माझा गळाच दिसला, डोकं नाही.

किल्लीआजी मला म्हणाल्या, "कुणाकडे असतेस गं?"

"बटणांच्या दुकानात. माझी मावशी."

"असं होय." वरपासून खालपर्यंत बघितलं. "उंची तिच्यावर गेलीय." मग म्हणाल्या, "पाणी पितेस ना भरपूर? पीत जा."

हेडबाईंनी तिथेच बाकावर बैठक मारली आणि आजींना बोलतं केलं. डेपो राहिला. पण जे ऐकलं ते सगळ्या टूरपेक्षा भारी होतं. उद्या सविस्तर लिहिते.

रविवार, ९

किल्लीआजींची गोष्ट, आठवेल तशी.

एकतीस वर्षांपूर्वी त्या बाजारात दोऱ्या विकायच्या. "आमची तऱ्हा अशी की सकाळचा चहा घेतला की संध्याकाळपर्यंत तोंडाला पाणी नाही. उन्हाळा असो, काही असो. पुरुषांना मागची भिंत होती. आम्हाला सहनशक्ती होती." मग त्या आजारी पडल्या. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या. "मी म्हटलं, पिते की, डॉक्टर. पण ठेवू कुठे?"

सहा वेळा कमिटीकडे अर्ज केला. सहाव्यांदा तेव्हाचा सेक्रेटरी म्हणाला, "चौदा बायकांसाठी कुठे भिंती बांधायच्या? घरी जाऊन या की." आजी म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, म्हणजे बाजाराची ऐन गर्दीची वेळ, बायकांनी गाळ्यांना कुलपं लावली, 'घरी जाऊन येते' अशी पुठ्ठ्याची पाटी अडकवली आणि एकामागे एक मधल्या गल्लीतून चालत निघाल्या. बाराला परत. कुणाच्या गाळ्यावर कुणी नाही. गिऱ्हाइकं खोळंबलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला. असं रोज!

मी विचारलं, "घोषणा काय दिल्या?"

"घोषणा कसल्या? घाई होती."

"आणि नवरे ओरडले नाहीत?"

"ओरडले की. पण नवऱ्यांना गाळ्यावर बसायचा कंटाळा, म्हणून तर आम्ही बसायचो. ओरडून जाणार कुठे?"

तेवीस दिवस. चोविसाव्या दिवशी विटा आल्या. बांधून झाल्यावर किल्ली आजींकडे आली, ती आजपर्यंत. "फीतबीत कापली नाही. एकेकीला हाताला धरून दाखवून आणलं. प्रत्येकीनं आधी कडी लावून बघितली. एकीचं मात्र गिऱ्हाईक संपेना, ती राहिली." आणि हसल्या. कोण होती कुणास ठाऊक, बिझी बाई असणार.

मी विचारलं, "म्हणजे चौदा जणी चालत होत्या?"

"चौदा बायका होतो तेव्हा बाजारात," आजी म्हणाल्या.

चौदा बायका! ना भाषण, ना पुतळा. मी टूर पूर्ण बदलणार आहे. बाजार आता शेवटचं ठिकाण नाही, सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण. शिवाय चौदातली एक माझी सख्खी मावशी. हे तिनं मला कधी सांगितलंच नाही!

मंगळवार, ११

मावशीला म्हटलं, "मला कळलं हं अकरा वाजताचं."

ती नमुन्याच्या कार्डावर बटणं शिवत होती. अख्खी वाटी सांडली. मावशीच्या हातून बटण पडलेलं मी आजपर्यंत बघितलं नाही. दोघी खाली बसून वेचत होतो.

"तिनं सांगितलं?"

"हो, किल्लीआजींनी. सगळं."

"सगळं म्हणजे?"

"तेवीस दिवस, विटा, कडी. तू का नाही सांगितलंस कधी?"

ती टेबलाखालून म्हणाली, "माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"काही नाही. मी तुझ्यासारखी उंच आहे म्हणाल्या."

मावशी बराच वेळ एकच बटण शोधत होती. ते माझ्या पायाशीच होतं.

गंमत म्हणजे ती अजूनही दिवसभर पाणी पीत नाही. मी म्हटलं, पन्नास पावलांवर एवढी स्वच्छ सोय आहे, तुम्हीच भांडून मिळवलेली, आणि तू बारा मिनिटं चालत घरी जातेस? म्हणाली, मला घरचंच बरं पडतं. काही लोकांची स्वच्छतेची तऱ्हाच वेगळी.

गुरुवार, १३

फोटो मिळाला! बाजाराच्या तोंडाशी जुना स्टुडिओ आहे. फोटोवाले काका म्हणाले, त्या दिवसांत त्यांनी दारात उभं राहून एक काढला होता, "कारण रोज अकराला माझं घड्याळ लावायचो त्यांच्यावर." दोन तास निगेटिव्ह धुंडाळल्या, माझ्या केसांत अजून धूळ आहे.

मधल्या गल्लीतून येणारी रांग. पुढे दोरीवाल्या, म्हणजे किल्लीआजी, किती ठेंगण्या आणि किती ताठ. मागे डाव्या बाजूला मावशीच्या दुकानाची पाटी, ते मोठं लाकडी बटण, चार भोकांचं. मोजल्या तर तेराच भरतात. पुन्हा मोजलं, तेराच. चेहरे नीट दिसत नाहीत, मावशी नक्की कुठली ते ओळखू येत नाही. एक कुणीतरी पुढचीच्या मागे झाकली गेली असणार. मावशीच्या दुकानात दिवा चालू दिसतोय. घाईत बंद करायचा राहिला असेल, बिचारी.

काका मोठी प्रिंट काढून देतायत.

शुक्रवार, १४

हेडबाईंनी अकरा जणींची नावं दिलीत. एकोणीस जण होणार! मावशीला सांगितलं नाही, सरप्राइज आहे.

शनिवार, १५

लिहावंसं वाटत नाहीये, पण लिहिते.

एकोणीस जण. बाजारातली सगळी दुकानं चालू. समोरच्या कंगवेवाल्या काकू पण बाहेर येऊन उभ्या राहिल्या. फोटोत त्या आहेत, रांगेत तिसऱ्या. किल्लीआजींना मी हेडबाईंकरवी हाताला धरून आणवलं होतं. मावशीच्या दुकानासमोर सगळ्यांना थांबवलं, फोटो उंच धरला आणि म्हटलं, "आणि या रांगेत आहे या बाजारातली पहिली परवानेवाली बाई. माझी मावशी!"

मी टाळ्यांसाठी थांबले. हेडबाईंनी वाजवल्या. बाकीच्या वाजवायला लागल्या आणि मग थांबल्या, कारण कंगवेवाल्या काकू हसल्या. नीट हसणं नाही, नाकातून. "ही? ही होय? रांगेत?"

किल्लीआजी लगेच म्हणाल्या, "फोटोत सगळं येत नसतं. चला, किल्ली कुणाला हवीय? रांग लावा, मला चहाला जायचंय."

मावशी एका गिऱ्हाइकाला कोटाची बटणं देत होती. तिनं वर बघितलंच नाही. सहा मागितली होती, तिनं सात दिली. गिऱ्हाइकानं एक परत ठेवलं.

घरी येताना फक्त एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." अर्थ विचारला तर म्हणाली, "आज तू केलंस ते."

रविवार, १६

सकाळभर ती भांडी घासत होती, घासलेलीच. मग हात पुसून माझ्यासमोर बसली आणि एका दमात सांगितलं.

"मी गेले नव्हते. एक दिवसही नाही. परवाना मिळून आठ महिने झाले होते. पहिल्याच दिवशी दहाला कमिटीचा माणूस आला. ओरडला नाही, काही नाही. फ्रेमकडे बघितलं आणि म्हणाला, दोनच स्क्रू आहेत की. एवढं बोलून गेला. बाकीच्यांचे परवाने नवऱ्यांचे. नवऱ्यांना कमिटी हात लावणार नव्हती. माझ्यामागे कोण होतं? अकराला त्या निघाल्या तेव्हा दोरीवाली माझ्या दारात थांबली. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. नव्हतं कुणी. तेवीस दिवस त्या माझ्यासमोरून गेल्या आणि तेवीस दिवस त्यांचं गिऱ्हाईक माझ्या दाराशी टाइमपास करत बसलं. कुणी मला शब्दानं बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

खरं लिहायचं तर मला राग आला. तिच्यावर की स्वतःवर, माहीत नाही. मी तिला पायोनियर केलं होतं! पायोनियर घाबरत नाहीत, माझ्या सगळ्या नोट्समध्ये तरी नाहीत. संध्याकाळी पाचवं ठिकाण खोडलं.

आईला फोन केला. तिला यातलं काहीच माहीत नाही. ती त्या वर्षी कॉलेजला होती, बाहेरगावी हॉस्टेलवर. "ताई दर महिन्याला न चुकता पत्र टाकायची," म्हणाली, "बाजार मस्त चाललाय, असंच लिहायची."

बुधवार, १९

लेडीजच्या दारावर नोटीस. एक तारखेपासून बंद, पार्सल काउंटर. मी आधीपासून ऐकलं होतं आणि 'वा' म्हटलं होतं! मागचं पान उघडून बघितलं. खरंच लिहिलंय, वा.

सेक्रेटरीकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, बाजारात बायका किती? नऊ. समोर मॉल झालाय. तिथे जाऊन यायचं की."

मी धावत किल्लीआजींकडे. "आजी, पुन्हा करू या! अकराला, सगळ्या!"

आजींनी गुडघे चोळले. "नऊजणींतल्या सहा पगारावर आहेत, पोरी. त्या कुलूप कशा लावतील? कुलूप मालकाचं. स्वतःचं दुकान असलेल्या तिघी. कंगवेवाली, घड्याळवाली आणि..." त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली. "कंगवेवाली पहिली निघायची नाही. ती म्हणते, मागच्या वेळी आम्ही निघालो, आता कुणीतरी दुसरं निघू दे."

म्हणून मी सह्या गोळा करायला घेतल्या.

शुक्रवार, २१

दोनशे बारा सह्या. सेक्रेटरीनं पोच म्हणून शिक्का मारून दिला, छान निळा. मग कागद ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवर आधीच इतका भरलाय की गुडघ्यानं लोटावा लागला. पालथ्या घड्यावर पाणी, मावशी म्हणाली. हे मला कळलं.

शनिवार, २२

टूरला बावीस जण. बटणांच्या दुकानासमोर न थांबता पुढे गेले. मावशी काउंटरवरून बघत होती.

दुपारी विचारलं, "माझं नाव काढलंस?"

"हो."

"का?"

"तूच म्हणालीस नको."

"तेव्हा तू अर्धंच सांगणार होतीस. आता दोन्ही सांग. परवाना पहिला हिचा, आणि तेवीस दिवस दुकान उघडं हिचंच. ऐकणाऱ्या त्यांचं काय ते ठरवतील." मग खोक्यांमागे काहीतरी खुडबुड करत होती. विचारलं काय शोधतेस, म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर. इथेच होता."

फ्रेम सैल झाली असेल.

सोमवार, २४

आजचं सगळं नीट क्रमानं लिहायला हवं.

पावणेअकरा. मावशीनं स्टूल ओढलं, चढली आणि परवान्याचे दोन्ही स्क्रू काढले. फ्रेम फडक्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत घातली. मी विचारलं, "काच बदलायचीय का?" तिनं स्टूल जागेवर ठेवलं. एका खोक्याचं झाकण फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरी जाऊन येते. बारा वाजता.' दोरा ओवून पाटी शटरला अडकवली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना म्हणाली, "बाहेर व्हा हं जरा." आणि शटर ओढलं.

जेवणाची सुट्टी सोडून बाजाराच्या वेळेत ते शटर खाली आलेलं मी पहिल्यांदा बघितलं. केवढा आवाज होतो त्याचा. सगळ्या गल्लीनं मान वळवली.

मी फोन काढला. ती म्हणाली, "तो ठेव आत. यायचं तर ये, नाहीतर टूरच्या नोट्स काढ."

ती मधल्या गल्लीतून निघाली. एकटीच, पिशवी छातीशी धरून, मी दोन पावलं मागे. कंगवेवाल्या काकूंसमोरून जाताना तिनं डावीकडे बघितलं नाही, उजवीकडेही नाही. कान लालबुंद झाले होते. काकू एक कंगवा हातात धरून तशाच. गल्लीच्या टोकाला सेक्रेटरी आडवा आला. "काय ताई, बरं नाही का?"

"बरी आहे. घरी जाऊन येते."

"अहो, पण बाजाराची वेळ आहे. असं बंद ठेवलं तर परवान्याचं बघावं लागेल."

"बघा की." तिनं पिशवी थोडी वर केली. "माझ्याकडेच आहे."

तेवढ्यात मागून टकटक ऐकू आलं. किल्लीआजी, काठी घेऊन. लेडीजला कुलूप घालून आल्या होत्या आणि किल्ली गळ्यात. श्वास लागला होता. मावशी थांबली. दोघी एकमेकींकडे बघेनात. आजी म्हणाल्या, "जरा हळू चाल. लांब ढांगा तुझ्या." आणि मावशी हळू चालायला लागली.

बारा मिनिटांच्या वाटेला पंचवीस लागली. घरी चहा केला. दोघी बटणांच्या भावावर बोलल्या. बस, एवढंच! मी वाट बघत होते की कुणीतरी काहीतरी बोलेल.

परत आलो तर सेक्रेटरी वैतागलेला. पार्सल कंपनीचा माणूस अकराला जागा मोजायला आला होता, दार बंद. दुसरी किल्ली कमिटीनं एकतीस वर्षांत करून घेतलीच नव्हती, तिकडे कोण जाणार म्हणून. किल्ल्या बनवणाऱ्याला बोलावलं तर तो म्हणाला, "लेडीजचं कुलूप आहे, साहेब. बाई बरोबर असल्याशिवाय मी हात लावत नाही."

मंगळवार, २५

अकराला कंगवेवाल्या काकूंचं कुलूप. त्यांच्यामागे घड्याळवाली. काकू मावशीला म्हणाल्या, "फोटोत यायचंय वाटतं?" मावशी म्हणाली, "यायचंय. तुझ्या मागे उभी राहीन, मग माझं डोकं तेवढं दिसेल." काकू नाकातून हसल्या, पण या वेळी वेगळ्या.

हेडबाई अकरा जणींना घेऊन खरेदीला आल्या होत्या. बंद शटरांसमोर तासभर उभ्या राहिल्या आणि दिसेल त्याला विचारत होत्या, "बटणं कुठे मिळतील हो? कंगवा कुठे मिळेल?"

पार्सलवाला आज पुन्हा अकरालाच आला. किल्ली घरी गेली होती.

गुरुवार, २७

सात जणी. पगारावरच्या चौघी मालकाला म्हणाल्या, आम्हीपण घरी जाऊन येतो. फोटोवाल्या काकांनी घड्याळ लावलं.

पार्सलवाला कंटाळला. त्यानं पुढच्या जिन्याखालची जागा बघितली आणि म्हणाला, ही रस्त्याला लागून आहे, हीच द्या. सेक्रेटरी म्हणाला, हे मी आधीच सुचवणार होतो.

शनिवार, २९

दारावरची नोटीस उतरली. काल संध्याकाळीच काढली म्हणे, चिकटपट्टीचे चार तुकडे राहिलेत दारावर.

आज टूर संपवून मी मावशीच्या काउंटरशी बसले होते. टूरमध्ये दोन्ही सांगितलं, परवाना आणि उघडं दुकान. हेडबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, दुकानात गेल्या आणि मावशीकडून डझनभर बटणं घेतली. परवाना अजून पिशवीतच आहे. मी म्हटलं, लाव ना आता. म्हणाली, "राहू दे. पिशवीत बरा आहे, सवय झाली."

साडेअकराच्या सुमारास तिनं एका गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं, "पाच मिनिटं थांबा हं," म्हणाली आणि मागच्या कोपऱ्याकडे निघाली. मला वाटलं, किल्लीआजींसाठी काही निरोप आहे, म्हणून मीपण गेले.

आजी खुर्चीत. मावशी त्यांच्यासमोर उभी, हात पुढे करून. आजींनी विचारलं, "संपलं का गिऱ्हाईक?"

"नाही. बसवून आलेय."

एवढ्या साध्या उत्तराला आजींचे डोळे का भरून आले, मला कळलं नाही. गुडघे दुखत असतील. दोरी गळ्यातून काढून द्यायच्या ऐवजी त्या काठी टेकून स्वतःच उठल्या, मावशीचा हात धरला आणि दार उघडून आत घेऊन गेल्या. कडीचा आवाज आला. मग पुन्हा कडीचा आवाज. तीनचार वेळा.

मावशी बाहेर आली ती नाक फुगवून. "आरसा केवढा खाली लावलाय. स्वतःचं तोंड दिसत नाही."

"माझ्या उंचीनं लावून घेतला," आजी म्हणाल्या. "उंच बाईनं येऊन सांगायला हवं होतं."

"वीतभर वर घ्या."

"स्क्रूड्रायव्हर आहे ना तुझ्याकडे? घेऊन ये सोमवारी."

दुकानात येऊन मावशीनं गिऱ्हाईक केलं. मग माझी पाण्याची बाटली मागितली आणि उभ्या उभ्या घटाघटा सगळी संपवली. मी म्हटलं, अगं, माझ्यासाठी घोटभर तरी ठेवायचंस!